नागसेन सर एकट्याला मेसेज करत नाहीत

चाकणजवळच्या आमच्या गावातल्या खासगी शाळेत नागसेन सर पंधरा वर्षं विज्ञान शिकवतात. माझी नात सलोनी त्यांच्या दहावीच्या वर्गात.

मुलांना काही कळवायचं तर सर ते वर्गाच्या ग्रुपवर टाकतात. त्या ग्रुपात प्रत्येक मुलाचा एक पालक असतो. संध्याकाळी सातनंतर मेसेज नाही. सलोनीनं एकदा ग्रुप सोडून थेट सरांनाच लिहिलं, 'सर, गुरुत्वाकर्षणाचं गणित सुटत नाही.' सरांनी ते कागदावर सोडवलं, फोटो ग्रुपवर टाकला. खाली एवढंच : 'एक शंका आली होती. सगळ्यांनी पाहा.' नाव नाही. सलोनी फुगून बसली. मी तो कागद नीट पाहिला. एकही पायरी गाळलेली नव्हती.

यंदा संस्थेच्या नव्या सचिवांनी फर्मान काढलं. प्रत्येक शिक्षकानं प्रत्येक मुलाला रोज वेगळा मेसेज करायचा, म्हणे जवळीक वाढते. सरांनी नकार दिला. दिवाळीआधीच्या पालकसभेत त्यांच्याकडून दहावीचा वर्ग काढून घ्यायचा विषय निघाला.

बबनराव उठले. त्यांची मुलगी सलोनीच्याच वर्गात. "क्लासवाले मास्तर रातच्याला अकराला पण उत्तर देत्यात. तुमचा फोन काय कोंबड्यांसंगं झोपतो व्हय?"

सगळे हसले.

सर म्हणाले, "अकरा वाजता मुलीच्या फोनवर कोण काय लिहितं, तुम्हाला कळतं का?"

"आमी सेकंड शिफ्टला असतो राव. आमाला कुठलं कळायला!"

"म्हणून मी लिहीत नाही."

"सहकाऱ्यांवर संशय घेताय तुम्ही," सचिव म्हणाले.

मला राहवेना. "बत्तीस वर्षं कारखान्यात पत्रा कापायची प्रेस चालवली मी. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत सापडत नाही. नग वाढावेत म्हणून आमचेच लोक एका बटणात पाचर ठोकायचे, म्हणजे एक हात मोकळा. वाईट माणसं नव्हती ती. बबनराव, तुमच्या थोरल्या पोराची बोटं कशी गेली, मी सांगू का तुम्ही सांगता?"

बबनराव खाली बसले.

"आजोबा, हा कारखाना नाही," सचिव म्हणाले.

"कारखान्यात निदान सेफ्टीवाला येऊन पाचर काढायचा. इथं ठोकायचा हुकूमच वरून आलाय!"

दहावी सरांकडेच ठेवा, असा अर्ज लिहून मी सह्यांसाठी फिरवला. बेचाळीस पालकांत नऊ सह्या झाल्या. नववी बबनरावांची. बाकीचे चहाकडे वळले. चहाला मात्र रांग लागली.

आठवड्यात सरांकडची दहावी गेली. त्यांना पाचवी दिली. नवे सर रोज सकाळी प्रत्येक मुलाला वेगळं फुलाचं चित्र पाठवतात, खाली 'काय चाललंय?' भिंगांचा धडा अजून सुरू झालेला नाही.

सोमवारी आम्ही नऊ जण तोच अर्ज घेऊन संस्थेच्या कार्यालयात जाणार आहोत. पहिल्या शिफ्टच्या तिघांनी रजा टाकली आहे.