दाराशी खणा

जव करपायला लागला की इंग्लंडात आमच्या ट्रेंट नदीकाठी सगळे शेतकरी तोंड पाडून बसतात. आमची हेझल तेवढी खुशीत येते. माझं पोट हार्वेस्टरवर, पीक गेलं की मीही गेलो, आणि ही बया चहा ओतता ओतता म्हणते, अजून दहा दिवस पाऊस नको रे देवा. अशा बाईशी एकतीस वर्षं संसार केलाय मी, आणि तोही तोंड मिटून.

तिचं कामच तसलं. जिल्ह्याच्या कचेरीत विमानातून काढलेले शेतांचे फोटो येतात. ते भिंगाखाली धरायचे आणि जमिनीत काय पुरलंय ते नकाशावर काढायचं. जुना खंदक बुजला तरी तिथली माती खोल नि ओलसर राहते. ऊन तापलं की बाकीचं पीक पिवळं पडतं, खंदकावरचं हिरवं राहतं, आणि वरून पाहिलं तर हिरव्या रेघेत जुन्या वस्तीचं आख्खं आवार उमटतं. हे तिनं मला सहा वेळा समजावलं. सातव्यांदा मी समजल्याचं सोंग केलं.

कचेरीत ती नुसती ट्रेसिंगवाली. पदवी नाही. तिच्या रेघांवर पुस्तकं लिहून भले भले मोठे झाले, आभार मानताना मात्र एकालाही ती आठवली नाही. माझं डोकं फिरायचं. ती म्हणायची, नकाशा बरोबर आहे ना, मग झालं. कसलं झालं, डोंबल!

चर्चमागचं शेत वीस वर्षं मीच कापत आलो. मला तिथं जवाशिवाय काही दिसलं नाही. हिला नऊ वर्षांपूर्वी एका फोटोत तिथंच चौकोनी आवार दिसलं, कोपरे गोलसर, पूर्वेला रेघ थोडी तुटलेली. रोमन काळातलं, असं तिनं नकाशावर लिहून टाकलं. मग ते शेत एका खडीच्या कंपनीनं घेतलं. आता काळ सिद्ध झाला तर आधी नीट उत्खनन होणार आणि मग खडी. नाही झाला तर सरळ जेसीबी. आणि घोडं पेंड खातं ते इथंच, कारण फोटोत खंदक दिसतो, त्याचं वय दिसत नाही. वयासाठी आत खापरं सापडावी लागतात. त्यासाठी एकच चर ठरला, वीस मीटरचा, आणि दिवसही एकच.

कंपनीनं नेमलेला पुरातत्त्ववाला ओवेन लॅम्बर्ट फोटो घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आला. पोरगेला, पण भला माणूस. त्याला चर घ्यायचा होता पश्चिमेला, रेघ ठसठशीत आहे तिथं. हेझलनं बोट ठेवलं ते रेघ तुटते तिथं. तो हसला. जिथं काही दिसतच नाही तिथं खणायचं का, असं त्यानं विचारलं.

"तिथं दार आहे," हेझल म्हणाली. "खंदकाची दोन टोकं आणि मधे वाट. तू घरातला कचरा घेऊन मागच्या कोपऱ्यापर्यंत चालत जातोस का? दाराबाहेर आलं की हात झटकतो माणूस. फुटकी मडकी दाराशीच असतात, बाळा."

ओवेन म्हणाला, तो नुसता खत कमी पडलेला पट्टा निघाला तर शेत हातचं जाईल, आणि खापर तिच्या नावावर फुटेल.

"फुटू दे. नाव तरी येईल," ती म्हणाली.

घाबरलो मीच. तो गेल्यावर तिला म्हटलं, कशाला हट्ट करतेस, ठसठशीत रेघ घे, निदान खंदक तरी निघेल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाच कपबशा विसळायला लागलो. खंदक आहे हे मला ठाऊकच आहे, ती म्हणाली, तेवढ्यासाठी मी नऊ वर्षं थांबले नाही. शेवटी ओवेननंच माघार घेतली, चर तुटलेल्या रेघेवर ठरला.

ठरल्या दिवशी अर्धं गाव थर्मास घेऊन हजर. दुपारपर्यंत चरात नुसती पिवळी खडी. कंपनीचा माणूस घड्याळ बघत होता, मी चराच्या काठानं येरझाऱ्या घालत होतो. हेझल चीज नि लोणच्याचं सँडविच खात बसली होती. शांत. इतकी शांत की मला तिचाच राग आला.

अडीच वाजता उत्तरेच्या टोकाला माती काळी झाली. कड गोल वळली आणि संपली. मग दक्षिणेलाही तसंच. दोन टोकं आणि मधे कोरी खडी, साडेतीन पावलं रुंद. ओवेन खुरपी घेऊन उतरला. करड्या मडक्याचा काठ निघाला, बैलाचा जबडा निघाला, आणि मग तळहाताएवढं लाल चकचकीत खापर. त्यावर पळता ससा, मागचे पाय तुटलेले.

"मिसेस क्रॅब्ट्री," ओवेन वर न बघताच हेझलला म्हणाला, "रोमन. असली लाल भांडी त्यांचीच. शंकाच नको." संध्याकाळपर्यंत बादली भरली. कंपनीच्या माणसानं आपल्या लोकांना फोन करून सांगितलं की इथं मशीन लागणार नाही, आधी पुरं उत्खनन. माझे डोळे भरून आले. धूळ गेली म्हणालो, पण गावात कुणी विश्वास ठेवला नाही.

ओवेननं तिला खापरं बघायला हाक मारली. आम्ही सगळे दिवसभर जमेल तिथून चरात उड्या मारत होतो. हेझल उठली, कपड्यावरचे पावाचे कण झटकले, शेताला वळसा घालून पूर्वेला गेली आणि त्या दोन काळ्या टोकांच्या बरोबर मधून, सावकाश, आत गेली. नऊ वर्षं हे आवार तिनं फक्त वरून पाहिलं होतं.

आत उभी राहून तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "बघतोस काय डेस? ये ना आत."

मी टोपी काढली आणि गेलो.