पायपट्ट्यांची बाई

कुणी घोडी घेऊन आला की ती माणसाकडे बघायचीच नाही. राम राम नाही, जय भीम नाही, बसा नाही. उकिडवी बसायची आणि घोडीच्या पायाला बांधलेल्या पट्टीत आपली करंगळी सारायची. करंगळी आत गेली नाही की मान वर न करता विचारायची, "काहून आवळली एवढी? घोडी पळून चालली का?"

आखाडा बाळापूरला जनावरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक आहे. दवाखान्यामागच्या गल्लीत तिचं पत्र्याचं घर होतं, दारात शिलाई मशीन. वरातीत आणि जत्रेत नाचणाऱ्या घोड्यांसाठी ती पायपट्ट्या शिवायची. नाचताना घोडीचा एक खूर दुसऱ्या पायावर बसतो, नळीचं कातडं सोलून निघतं, मागची शीर दुखावते. ते होऊ नये म्हणून गुडघ्याखालून घोट्यापर्यंत बांधायचं हे कवच. पण लोकांना तो दागिना वाटतो. तुम्हीही वरातीतली घोडी पाहिली असेल, तिच्या पायातले आरसे आणि सोनेरी लेस पाहिली असेल. आतला पाय कुणी बघत नाही. मीही पुष्कळ वर्षं बघितला नव्हता.

तिच्याकडे पट्ट्या मागायला गेलं की आधी उलटतपासणी व्हायची. घोडी नाचते की नुसती चालते? डांबरावर की मातीत? कोणता पाय कोणत्या पायाला लागतो? मग ती दोऱ्यानं चारही पाय वेगवेगळे मोजायची. "चारी पाय सारखे न्हाईत कुणाचे. तुमचे तरी हायेत का दोन्ही सारखे?" आतून नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर, आणि धुऊन मऊ झालेलं सुती कापड, बाहेरून पातळ चामडं. रेक्झिन मागितलं की म्हणायची, "रेक्झिन घाम पीत न्हाई. घोडीचा पाय शिजवायचा असंल तर चुलीवर ठेवा."

पट्ट्या हातात देण्याआधी ती मालकाकडून पाठ म्हणून घ्यायची. पाय पुसून कोरडा करायचा, मगच बांधायची. बंद बाहेरच्या अंगाला. काम झालं की लगेच सोडायची. झटकायची, कुसळं वेचायची, धुऊन सावलीत वाळवायची. एक शब्द चुकला तर पहिल्यापासून.

कुरुंद्याकडचा एक मिशीवाला घोडेवाला एकदा हुज्जत घालू लागला. घट्ट बांधल्याशिवाय पट्टी राहतच नाही म्हणे. तिनं त्याच्याच घट्ट पट्ट्या त्याच्या पोटऱ्यांना बांधल्या आणि म्हणाली, "आता ष्टँडवर जाऊन एक चहा पिऊन या." तो गेला. भर बाजारात, धोतर वर खोचून, पायाला आरशांच्या पट्ट्या. परत आला तेव्हा लंगडत होता. गल्ली हसत होती, ती हसली नाही. पट्ट्या सोडून त्याच्या पोटरीवर उमटलेले वळ तिनं त्याला दाखवले. "तुमाला तोंड हाय, तुमी सांगितलं. तिनं कुणाला सांगावं?"

एवढा राग कुठून येतो, असं मी तिला एकदा विचारलं होतं. तिनं सांगितलं, नवऱ्याची वरातीची घोडी होती. ऐन लग्नसराईत तिला ओल्या पट्ट्या बांधून दोन दिवस तशाच ठेवल्या. पाय सडला. मी म्हणालो, "नवऱ्याला समजलं नसेल." ती मशीन थांबवून म्हणाली, "त्यानं न्हाई बांधल्या. म्या बांधल्या." आणि पुन्हा मशीन चालू केलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला आजही संताप येतो, आणि तो निम्मा माझ्यावरच आहे.

डोंगरकड्याच्या पुढे एका गावात जत्रेला घोड्यांच्या नाचाची स्पर्धा असते. घोडी तपासून तंदुरुस्तीची चिठ्ठी द्यायचं काम माझ्याकडे. जत्रा समितीचा अध्यक्ष मोठा बागायतदार. त्याची पांढरी घोडी दरवर्षी पहिली यायची. त्या वर्षी त्यानं शहरातून रेक्झिनच्या चकचकीत पट्ट्या आणल्या होत्या. सकाळी घोडी धुतली आणि तशाच ओल्या पायावर त्या आवळल्या. मी वरवर बघून चिठ्ठी दिली.

दुपारी पट्ट्यांची बाई माझ्याजवळ आली. जत्रेत तीही पट्ट्या विकायला बसली होती.

"भाऊ, पांढरी घोडी डावा पाय टेकत न्हाई. पट्ट्या सोडायला सांगा."

मी मंचाकडे पाहिलं. अध्यक्ष पाहुण्यांना फेटे बांधत होता. "नाच होऊ द्या, मग बघू," मी म्हणालो.

"चिठ्ठी तुमी देली ना? पट्ट्या सोडून बघितलं व्हतं का?"

मी चिठ्ठ्यांचं बुक मिटलं.

 ती दोरीखालून वाकून थेट मैदानात गेली. हलगी वाजत होती, घोडी नाचत होती. ती घोडीच्या पुढ्यात जाऊन बसली आणि घोडी थांबली. कमरेची कात्री काढून तिनं दोन्ही पट्ट्या उभ्या कापल्या. डाव्या पायाचं कातडं पांढरंफटक पडलं होतं, पट्टीबरोबर ओलं होऊन सुटत होतं. हलगी बंद झाली. पुढच्या रांगेतल्या बाईनं पदर नाकाला लावला.

अध्यक्ष धावत आला. त्यानं तिच्या हातातली कात्री हिसकून लांब फेकली आणि माईक चालू असतानाच म्हणाला, "पायाशी बसायची तुझी जागा. तोंड चालवायची न्हाई."

सगळ्या जत्रेनं ते ऐकलं. त्या वाक्याचा अर्थ सगळ्या जत्रेला कळला. कुणी बोललं नाही. सरकारी नोकर असलेला, हातात शिक्का असलेला मीही नाही. ती उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "पायाशीच बसले म्हणून दिसलं."

पुढे महिनाभर ती घोडी दवाखान्यात यायची. ही बाईही रोज येऊन मलमपट्टीला हात लावायची, माझ्याशी एक शब्द न बोलता. एकदा मी धीर करून म्हणालो, "मावशी, माझं चुकलं." तिनं कापूस पुढे केला. "मला काहून सांगून राहिलात? हिला सांगा." मी खरंच घोडीकडे पाहिलं. मग कापूस घेऊन तिचा पाय पुसू लागलो.

मग समितीनं घोडेवाल्यांना सांगितलं की त्या बाईकडून काही घ्यायचं नाही. कुरुंद्याचा मिशीवालाही यायचा बंद झाला. हे मला फार लागलं. ज्यांच्या घोड्यांचे पाय तिनं वाचवले होते, तीच ही माणसं. वर्षभर ती दप्तरं आणि कूलरचे पडदे शिवत राहिली. मग नांदेडला लेकीकडे गेली. मशीन टेम्पोत चढवायला मी गेलो होतो. तिनं नको म्हटलं नाही, एवढंच.

यंदाच्या जत्रेत मी सगळ्या घोड्यांच्या पट्ट्या सोडायला लावल्या. सोडल्याशिवाय शिक्का नाही, म्हणालो. आरडाओरडा झाला, वरून फोन आले, स्पर्धा दोन तास अडली. अध्यक्ष मंचावरून मुक्या जनावरांवरच्या प्रेमाबद्दल बोलत होता, तेव्हा मी त्याच्याच समोर दोन घोड्या बाद केल्या.   आता माझी बदली होईल असं कानावर आहे. होऊ दे.

संध्याकाळी मी नांदेडला तिला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे लेकीच्या घरातला टीव्ही वाजत होता.  ती शाबास म्हणाली नाही, उशीर केलात असंही नाही.

"त्या घोडीच्या पायावर केस आले का?" तिनं विचारलं.

"आले. पण त्वचा खालून काळी पडली आहे. वर केस पांढरे, त्यामुळं लांबून कळत नाही."

"व्हय," ती म्हणाली. "लांबून न्हाईच कळायचं." आणि फोन ठेवला.