समिंदरानं परत दिलेला नारळ

घोडेगावच्या स्टँडवरून मी मस्कतला निघालो आन् तासाभरात घरी परत आलो. एवढ्या लवकर परदेशातून परतलेला आख्ख्या आंबेगाव तालुक्यात मी एकटाच असंल.

झालं असं. सत्त्याण्णव साल व्हतं. गळ्यात दोन हार, पायात नवे बूट, ते बी एक नंबर बारीक. तात्या म्हंजे माझा बाप, आन् पोचवायला आलेली मंडळी ट्रंक घेऊन चा प्यायला गेली. मी म्हणलं, तवर खिडकीची जागा धरतो. मला पाटी वाचता येत न्हाई. येरवी मी बिनलाजेनं इचारतो, भाऊ, ही कुठली गाडी? पण त्या दिवशी गळ्यात हार. हार घालून गाडी कुठली इचारायचं म्हंजे नवरदेवानं नवरी कुठली इचारल्यासारखं. बसलो गपचूप. गाडी हलली तसं मला रडू आलं. रुमालात तोंड खुपसलं ते शिनोली गेल्यावर काढलं. कंडक्टर तिकीट द्यायला आला, म्हणलं पुणं द्या. त्यानं हाराकडं बघितलं, बुटाकडं बघितलं.

"पावणं, ही भीमाशंकरला चाललीय. तुमचं इमान काय डिंभ्याच्या धरणात उतरतं व्हय?"

गाडीतली माणसं अशी हसली की एक म्हातारी शिटावरून खाली आली. मी आमच्याच फाट्यावर उतरलो आन् हारासकट घरी गेलो.

आय अंगणात गोवऱ्या थापत व्हती. स्टँडवर जाणं तिला झेपायचं न्हाई म्हणून ती घरीच राहिली व्हती. तिनं मला बघितलं, जराबी दचकली न्हाई. म्हणाली, "आलास? हातपाय धू, चा टाकते." मी हात धुतले, चा प्यालो, मग काय झालं ते सांगितलं. तवा ती पदर तोंडाला लावून हसली, हसता हसता डोळे पुसले, आन् एकदम उठून देव्हाऱ्यातला नारळ घेऊन आली. बरं झालं आलास म्हणाली, हा द्यायचाच राहिला व्हता. तुपली गाडी हातात आली की तिथल्या समिंदराला हा नारळ दे. नव्या पाण्याशी आधी ओळख करावी, मग त्याच्या काठाला ऱ्हावं.

शेजारच्याच्या फटफटीवर परत स्टँडला आलो. तात्या ट्रंकेवर बसून दुसरा चा पीत व्हते. नुसतं बोट करून पुण्याची गाडी दाखवली.

गावाकडच्या मंडळींनो, आन् माझ्यासारखं पाणी सोडून लांब आलेल्या भावांनो, हे मी बोलतोय, लिहून घेतोय माझा दोस्त, ओतूरचा मिलिंद. तवा माझी फजिती कुठं जरा जास्तच रंगली, तर तिथं हात त्याचा समजा.

तर परदेशात मी शिकायला व्हतो. हसू नका, खरंच. शाळेत चार दिस बी न गेलेला मी मस्कतला डायव्हिंगच्या, म्हंजे गाडी चालवायच्या, शाळेत जायचो. गावाकडं मी वडापची जीप चालवायचो, घोडेगाव ते मंचर. नऊ जणांच्या जागेत एकवीस माणसं, चार टपावर, आन् माझी निम्मी मांडी शिटाच्या भायेर. मला वाटलं, ज्यानं हे चालवलं त्याला ट्रक काय अवघड. पण हितं मोठ्या गाडीचं लायसन म्हंजे दहावीच्या वर. कंपनीनं मला पाण्याच्या टँकरवर हेल्पर म्हणून ठेवला, आन् मुदीर म्हंजे आमचा साहेब म्हणाला, तीन परीक्षा देऊ, तिन्ही गेल्या तर परतीचं इमान.

पयल्या परीक्षेला रस्त्याच्या कडंला एक माणूस डोकं खाजवत उभा व्हता. हात वर दिसला की मपला पाय आपोआप ब्रेकवर जातो, दहा वर्षांची वडापची सवय. थांबवला ट्रक त्याच्यापाशी. वर परीक्षकाला म्हणलं, जरा सरकून घ्या. नापास. दुसऱ्या परीक्षेला हातांकडं बघितलंच न्हाई, पण प्रत्येक वळणावर घाटात वाजवतात तसा हॉर्न वाजवला. दवाखान्यापुढं बी वाजवला. नापास.

दुसऱ्यांदा नापास झालो त्याच दिवशी घरी फोन करायची पाळी व्हती. तवा फोन म्हंजे हातात कार्ड, मागं रांग, आन् गावात किराणा दुकानात एकच डबा. दुकानदार हाळी द्यायचा, मग आय पळत यायची. तिचा दम लागलेला मला हिकडं ऐकू यायचा. त्या दमातच तिनं इचारलं, "मिळाली का रं गाडी?" आन् माझ्या तोंडातून निघून गेलं, मिळाली.

झालं. पुढच्या फोनला कळलं, आय ओझरला जाऊन विघ्नहराला पेढे ठेवून आली, निम्म्या गावाला वाटून बी आली. आता तिला बाया डायव्हरची आय म्हणत्यात. मग दर फोनला तिचा एकच सवाल, समिंदराला नारळ दिला का? मी म्हणायचो देतो, सवड न्हाई. नारळ ट्रंकेत, गाडी साहेबाकडं, आन् मी टँकरला पाइप लावतोय. रोज खुबूस खाताना, म्हंजे हितल्या भाकरीचा तुकडा मोडताना, घशाखाली तो पेढाच उतरल्यावानी वाटायचं.

तिसरी परीक्षा रविवारी व्हती. त्याच्या आधीच्या शुक्रवारी, हितं शुक्रवारी सुट्टी, मिलिंद म्हणाला, किसन, तोंड बघ तुझं, चल समिंदरावर जाऊ. मिलिंद बारावी शिकल्याला, रस्त्याच्या खुणांचं पुस्तक मला तोच वाचून दाखवायचा. संगं केरळचा शाजी, आमच्याच वर्गातला, तो बी एकदा नापास. शाजीनं पातेलंभर भात आन् मासे घेतले. मी ट्रंकेतून नारळ काढला. म्हणलं आधीच देऊन टाकू, म्हंजे गाडी मागनं येईल, खोटं आपोआप खरं व्हईल. लई हुशारी केली.

समिंदर मी पयल्यांदा एवढा जवळून बघितला. लुंगी गुंडाळली, गुडघाभर पाण्यात गेलो, डोळे मिटून आयचं नाव घेतलं आन् नारळ सोडला. आमच्या घोड नदीला नारळ दिला की तो जातो, वळून बघत न्हाई. मी पाठ फिरवून काठावर आलो तर नारळ माझ्या आधी येऊन बसल्याला.

मिलिंद म्हणाला, जोरात टाक. मी जोरात टाकला. लाट आली, नारळ माझ्या पायाशी. तिसऱ्यांदा पळत जाऊन गोफण मारल्यासारखा फेकला. आमी तिघं बघत उभं. तो हळूहळू डुलत, शेंडी वर करून, पावण्यासारखा परत आला.

शाजी म्हणाला, "भाई, तीन बार वापस आया. अब मेरे को दे, करी बनाता."

ते दोघं हसत व्हते, पण मला वाटलं, समिंदराला कळलं. खोट्याचा नारळ घेत न्हाई तो. म्हणलं आता आत नेऊनच सोडतो. पोहायला मी हिरीत शिकलो. हिरीत कसं, चार हात मारले की पायरी येती. समिंदराला पायरीच न्हाई. छातीभर पाण्यात एका लाटेनं मला उचलला, दुसरीनं उलटा केला, तिसरीनं नाकात, कानात, तोंडात मिठाचं पोतं वतलं. कुणीतरी दंडाला धरून वढलं, तो मिलिंद. उभा राहिलो आन् बघितलं, नारळ काखंत हाय आन् कमरंला लुंगी न्हाई.

बायका-पोरं घेऊन लोक आल्याली. मी गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहिलो, नारळ छातीशी धरून, कोंबडी अंड्यावर बसती तसा. शाजी तांदळाचं रिकामं पोतं आणायला गेला. तवर मिलिंद माझ्याशेजारी पाण्यात बसला, आन् तिथं मी त्याला सगळं सांगितलं. पेढं, डायव्हरची आय, सगळं. समिंदरानं नाकारलं म्हणलं, रविवारी काय व्हणार ते आत्ताच कळलं.

मिलिंदच्या घरात नवससायास न्हाईत. तो देवाला मानत न्हाई, पण माझ्या आयला मानतो, तिच्या आवाजातला दम त्यानं बी रांगेत उभं राहून ऐकल्याला. तो म्हणाला, "समिंदराला काय कळतंय रं किसन? लाटा आत येतात म्हणून नारळ आला. पण तुला कळतंय ना? मग आयला सांग."

पोतं गुंडाळून मी रस्त्यावरच्या फोनच्या डब्यात उभा राहिलो. मिलिंदचं कार्ड. गावाकडं दिवेलागण झाली व्हती. दुकानदारानं हाळी दिली, आय आली, दम लागल्याला. म्हणलं आय, मला गाडी मिळाली न्हाई. दोनदा नापास झालो. खोटं बोललो. नारळ दिला तर समिंदरानं तीनदा परत केला.

पलीकडं नुसता दम. कार्डावरचे आकडे पळत व्हते. मग म्हणाली, "मला ठावं व्हतं."

म्हणलं, कसं?

"गाडी मिळाली म्हणलास आन् तिचा रंग सांगितला न्हाईस. जीप आली तवा घरात पाय ठेवायच्या आधी रंग सांगितला व्हतास तू."

मी म्हणलं, मग पेढं का वाटलेस? तर म्हणाली, तू म्हणालास ना मिळाली, मग ती मिळस्तवर तुझा शब्द कुणीतरी धरायला नको का? आन् नारळाचं म्हणशील तर ऐक.

"ज्या समिंदरानं साधा नारळ ठिवून घेतला न्हाई, तो माझं पोरगं कशाला ठिवून घेतोय? हार घालून गेलास आन् तासाभरात आला व्हतास. तसाच येशील. हातपाय धू आन् जेव."

त्या दिवशी पोतं नेसून, वाळूत बसून मी तीन माणसांचा भात खाल्ला.

रविवारी परीक्षेला एक माणूस खरंच हात वर करून उभा व्हता. उन्हात, डोक्यावर गठुडं. माझा पाय ब्रेककडं निघाला. मी दात आवळून पुढं गेलो. त्या माणसाची मी आजबी मनातल्या मनात माफी मागतो. पास झालो. फोनवर आयला हॅलो म्हणायच्या आधी सांगितलं, पांढरी हाय, बाजूला हिरवा पट्टा.

पयल्या सुट्टीला नारळ घेऊन घरी आलो. इमानतळावर कस्टमच्या साहेबानं इचारलं, लोक सोनं आणत्यात, तू नारळ? म्हणलं, साहेब, हा फारिनला जाऊन आल्याला हाय. आयनं तो परत देव्हाऱ्यात ठेवला. आता त्यातलं पाणी आटलं, आत नुसता गोटा, हलवला की खुळखुळतो.

शाजी केव्हाचा त्याच्या गावी गेला. मिलिंद आन् मी अजून हिकडंच, टँकर तेवढा बदलला, आता निळा हाय, आयला सांगून झालंय. मंडळी इचारतात, किसनराव, आता तुमचं घर कुठलं? हितं माझी खाट हाय, गाडी हाय, रस्त्याच्या खुणा पाठ हायेत. गावाकडं मी सालात एक म्हैना, आन् नवी पोरं मला पावणं म्हणत्यात. एवढं इचारल्यावर मी बी गोंधळतो.

पण आता मोबाईल आलाय. दर रविवारी गावाकडं माझी बायको तो आयच्या हातात देती. आयला आताशा ऐकायला कमी येतं, बोलायचं बी तिला उरलं न्हाई फार. ती देव्हाऱ्यातला नारळ घेती, मोबाईलपाशी धरती आन् हलवती. खुळखुळ, खुळखुळ. मी टँकर कडंला लावून, इंजान बंद करून ऐकतो. मग ती फोन बायकोला परत देती. झालं बोलणं.

समिंदर रोज उजव्या हाताला दिसतो. त्याच्याकडं माझी एक लुंगी हाय, ती राहू दे त्याला. बाकी माझं सगळं घरी हाय.