हायड्रोजनच्या नळीवरचा हार
झेंडूचा उग्र वास आला की परळच्या प्रयोगशाळेतली माझी पहिली खंडेनवमी आठवते. हायड्रोजनपासून वीज देणारी सिरॅमिकची चकती आम्ही बनवली होती आणि त्या सकाळी भट्टीत तिची चाचणी चालू होती. गावी आमच्या पिठाच्या गिरणीची पूजा व्हायची, म्हणून मी हौसेने दादरहून जाडजूड हार आणला, हायड्रोजनच्या नळीवर घातला, शेजारी पाण्याचा कलश मांडला आणि उदबत्ती पेटवली. तोच भिंतीवरचा गळतीचा भोंगा किंचाळला. हाराच्या ओझ्याने नळीचा सांधा सैल झाला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. तो माझ्या हाताशी आलाय की डोक्यावर साचलाय, काहीच कळेना. "अरे, उदबत्ती!" माझा सीनियर सिलिंडर बंद करायला धावत ओरडला. मी ती फुंकायला गेलो, तर माझ्या मार्गदर्शक मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "फुंकू नकोस, निखारा फुलेल. कलशात बुडव. आता बाहेर चल." जिन्यात पोहोचल्यावर त्यांनी विचारलं, "तुझ्या गावी चालू गिरणीला हार घालतात का रे?" "नाही मॅडम, वडील आधी पट्टा उतरवतात," म्हणताना मला रडू फुटलं. घरातला पहिला पदवीधर आता घरीच परतणार, असं वाटलं. "मग इथे विचारायचं ना," एवढंच बोलून त्या पायरीवर बसल्या. त्यांचे गुडघे थरथरत होते. आज माझ्या हाताखाली विद्यार्थी आहेत. त्यांच्यातलं कुणी सिलिंडरला हात लावतं, तेव्हा मीही हळू आवाजात सूचना देतो आणि माझे हात खिशात ठेवतो.