आई येणार नाही, असं मॉडेल म्हणालं

“सोमवारपासून चालू करून टाकू, मॅडम. आता कशासाठी थांबायचं?” डॉक्टरांनी लॅपटॉपकडे बोट दाखवत विचारलं.

धंतोलीतल्या त्यांच्या हॉस्पिटलमध्ये आम्ही तिघं बसलो होतो. डॉक्टर, मी आणि माझी विद्यार्थिनी पल्लवी. मी नागपूरच्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या मुलांना डेटा सायन्स शिकवते. शेवटच्या सेमिस्टरला प्रत्येकानं बाहेरच्या कुणाचा तरी खरा प्रश्न सोडवायचा, असा आमचा नियम आहे. पल्लवीनं या हॉस्पिटलचा प्रश्न घेतला होता. ओपीडीत अपॉइंटमेंट घेतलेले बरेच पेशंट येतच नाहीत, अशी डॉक्टरांची तक्रार होती.

पल्लवीनं त्यावर मॉडेल बांधलं. म्हणजे जुन्या नोंदी कॉम्प्युटरला दाखवल्या. त्यावरून कोण येतं आणि कोण चुकवतं, हे तो शिकला. आता नवा पेशंट कुठला, वय किती, वेळ कुठली एवढं टाकलं की तो अंदाज सांगायचा. येणार नाही असं वाटलं की नावापुढे लाल खूण. मग त्याच्याच वेळेवर आणखी एकाला बोलवायचं. चुकून दोघंही आले, तर लाल खूणवाला मागे.

जुन्या नोंदींवर तपासलं तर बहुतेक अंदाज बरोबर येत होते. डॉक्टर इतके खूश झाले, की रिझल्ट लागला की इथंच रुजू व्हा, असं त्यांनी पल्लवीला सांगूनही टाकलं. तिनं त्याच संध्याकाळी घरी फोन केला होता. घरात पगाराची पहिली नोकरी तिचीच असणार होती.

“माझी सही राहिली आहे,” मी म्हटलं.

“एवढं बढिया काम आहे. आता काय राहिलं?”

“एक परीक्षा.”

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मी हट्टी आहे, हे विद्यार्थी पहिल्या आठवड्यात ओळखतात. डॉक्टरांना थोडा जास्त वेळ लागला.

माझी परीक्षा साधी असते. मॉडेल ओळखीच्या माणसावर चालवून पाहायचं, आणि आलेलं उत्तर त्या माणसाच्या तोंडावर सांगता येईल का, ते ठरवायचं. मुलांना हा पोरखेळ वाटतो. आकडे बरोबर आले की झालं, असं त्यांचं म्हणणं. आकड्यामागे माणूस आहे हे मी वर्गात कितीही सांगितलं तरी कुणाच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून ही परीक्षा ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पल्लवीनं स्वतःच्या आईची माहिती टाकली. गाव भिवापूरजवळचं. वय साठीच्या आसपास. वेळ सकाळी दहाची. एंटर दाबलं.

लाल खूण.

पल्लवी हसली. “मॅडम, माझी आई एकही तारीख चुकवत नाही. तिचा रामदासपेठेतल्या दुसऱ्या एका दवाखान्यात इलाज चालू आहे.”

“मग तिलाच विचार.”

तिनं फोन स्पीकरवर ठेवला. “आई, तू दवाखान्याची तारीख कधी चुकवली का वं?”

“काहून चुकवू? पयल्या बसनं निंगतो मी. पण बस पोचतेच उशिरा. तिथं गेलं का ते पोरगी म्हणते, तुमचा नंबर गेला, नवा काढा. मंग नवा काढा लागते. बसून राहा लागते मंग. काहून वं, काई झालं का?”

“नाही वं. ठेवते.”

पल्लवीनं फोन ठेवला. तिनं आपलाच कोड उघडला आणि वरून वाचायला सुरुवात केली. एका ओळीवर ती थांबली. डेटा हाती आला की आधी तो साफ करतात. त्यात एकाच पेशंटच्या एकाच दिवशी दोन नोंदी दिसल्या, तर पहिली ठेवून दुसरी उडवायची, ही नेहमीची रीत. पल्लवीनंही तेच केलं होतं.

“मॅडम, पहिली नोंद ‘आला नाही’ची आहे,” ती हळूच म्हणाली. “दुसरी नवा नंबर काढल्याची. आलेला माणूस मीच उडवून राहिले.”

उडवलेल्या नोंदी तिनं परत आणल्या. न येणाऱ्यांपैकी बरेचसे त्याच दिवशी, जरा उशिरा, आलेले निघाले. सगळे बाहेरगावचे. मॉडेल तपासलं तेही याच चुकीच्या नोंदींवर. उत्तरपत्रिकाच चुकलेली असली की पेपर बरोबरच दिसणार.

शनिवारी आम्ही ओपीडीत जाऊन बसलो. दहाची वेळ उलटली की काउंटरवरचं सॉफ्टवेअर आपोआप ‘आला नाही’ लिहायचं. मग पिशव्या घेतलेली माणसं धापा टाकत यायची आणि नव्या नंबरच्या रांगेत उभी राहायची. मला राग आला. आमचं मॉडेल लागलं असतं तर हीच माणसं आणखी मागे गेली असती, आणि काहींची परतीची बसही हुकली असती.

“सोमवारी तुम्ही सांगाल ना, मॅडम?” पल्लवीनं विचारलं.

“काम तुझं आहे. तू सांगायचं. मी शेजारी बसेन.”

“नोकरी जाईल.”

“जाऊ शकते,” मी म्हटलं. खोटा धीर मला देता येत नाही. पोरीच्या हातातोंडाशी आलेला घास होता, आणि मलाही वाईट वाटत होतं.

सोमवारी पल्लवीनं पहिल्याच वाक्यात सांगितलं, “सर, मॉडेल लावू नका. चूक माझी आहे.” मग सगळं मांडलं. एकही गोष्ट गाळली नाही.

“दुरुस्त करून किती दिवसांत द्याल?” डॉक्टरांनी विचारलं.

“दुरुस्त केल्यावर मॉडेलची गरज उरत नाही, सर. बाहेरगावच्या पेशंटला अकरानंतरची वेळ द्या. उशीर झाला तरी नंबर लगेच रद्द करू नका. एवढंच.”

“एवढ्यासाठी मग डेटा सायंटिस्ट कशाला पाहिजे?”

“नाही पाहिजे, सर,” पल्लवी म्हणाली.

डॉक्टरांनी लॅपटॉप मिटला. मग त्यांनी काउंटरवरच्या मॅनेजरला बोलावलं आणि त्याच आठवड्यापासून वेळा बदलायला सांगितलं. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. ओपीडीतली रिकामी वेळ बरीच भरली होती. डेटा सायंटिस्टची पोस्ट मात्र त्यांनी रद्द केली होती.

त्या दिवशी प्रोजेक्टवर मी सही केली. पल्लवीला दुसरी नोकरी लागायला बरेच महिने गेले. मधल्या काळात तिनं धंतोलीत दाखवलेल्या त्याच स्लाइड्स घेऊन रामदासपेठेतल्या त्या दवाखान्याच्या चकरा मारल्या. कुणी बोलावलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला त्यांनी ऐकून घेतलं. आता तिच्या आईला साडेअकराची वेळ मिळते.

माझ्या वर्गात आता एक नियम वाढला आहे. नोंद उडवण्याआधी ती कुणाची आहे, हे लिहून दाखवायचं. मुलं कुरकुरतात. मग मी त्यांना पल्लवीचा किस्सा सांगते. धंतोलीची नोकरी गेल्याचं कळल्यावर आईनं तिला फोनवर विचारलं होतं, “पण गेली काहून वं?”

“तुझी बस उशिरा येते म्हणून वं,” पल्लवीनं सांगितलं.