कमी व्होल्टेजचा आवाज

सदाशिव पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून श्यामसुंदर गोडबोल्यांचं स्टॅबिलायझरचं. मधली भिंत इतकी पातळ, की श्यामराव तिकडे खाकरले की माझ्याकडचं गिऱ्हाईक दचकतं. त्यांच्या दारावर पाटी आहे: 'वस्तू दुरुस्त झाल्यावर आम्ही कळवू. तोपर्यंत आपण विचारू नये.' अशा माणसाशी इतकी वर्षं शेजार केला, याचं माझं मलाच कौतुक वाटतं.

पण हाच माणूस तरुणपणी गिटारचे ॲम्प्लिफायर बनवायचा, हे आज कुणाला सांगून पटत नाही. तपकीर गल्लीतून जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह आणायचे, ट्रान्सफॉर्मर घरी गुंडाळायचा, लाकडी पेटीवर काळं रेक्झिन चढवायचं. त्या पेटीला गिटार जोडून वाजवायचा उत्तरेश्वर. मूळचा बार्शीकडचा, दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात. दोघं टेम्पोत पेटीला टेकून गावोगाव हिंडले. एकाच्या बशीतला चहा दुसऱ्यानं प्यायचा, अशी दोस्ती. काय दिवस होते ते! मी कधीमधी नुसता बरोबर जायचो, तरी आठवलं की आज माझं झेरॉक्सचं मशीन बेसूर वाटायला लागतं.

मग एका जत्रेत माशी शिंकली. जनरेटर दमला, व्होल्टेज पडलं. विंगेत उभ्या असलेल्या श्यामरावांना आपली पेटी कण्हतेय असं वाटलं आणि ते मेल्याहून मेल्यासारखे झाले. तेवढ्यात उत्तरेश्वरनं माईक ओढला. "मंडळी, ही पेटी आमच्या श्यामनं बनवलीय. असली पेटी तुमाला कुठंच मिळायची नाय!" लोक हसले, टाळ्या पडल्या.

आम्हा पेठेतल्या माणसांचं कौतुक तोंडावर कुणी करत नाही. केलंच, तर तो टोमणा असतो, हे बाळकडू आम्हाला पाळण्यातच मिळालेलं. श्यामरावांनी पुण्यात येताच पेटी खोलून टाकली. उत्तरेश्वरशी बोलणं सोडलं. त्यानं निरोप पाठवले, यांनी उत्तर दिलं नाही, मग तोही हट्टाला पेटला. आणि ज्या व्होल्टेजनं आपली शोभा केली ते पुन्हा कुणाचं पडू द्यायचं नाही, म्हणून श्यामरावांनी स्टॅबिलायझरचं दुकान थाटलं.

गेल्या वर्षी दुकानात एक मुलगी आली, पाठीला गिटार अडकवलेली. "काका, मी मुक्ताई. उत्तरेश्वर माझे बाबा."

श्यामराव हातातली पक्कड खाली ठेवायची विसरले.

मुक्ताई आयटीतली नोकरी सोडून बँडबरोबर दौऱ्यावर निघाली होती. "मला टूरसाठी पूर्ण रिग हवीय. ॲम्प, पेडल्स, सगळं. पण ॲम्पचा टोन हा पाहिजे." तिनं फोनवर एक गाणं लावलं. "बाबांच्या कॅसेटमधलंय. पॅरालिसिस झाल्यापासून त्यांचा डावा हात चालत नाही. दिवसभर धायरीच्या फ्लॅटमध्ये हेच ऐकत बसतात. ते म्हणाले, असा आवाज फक्त श्याम काढू शकतो."

"बघतो," श्यामराव म्हणाले. ती गेल्यावर माझ्याकडे येऊन बसले. "जमलं नाही तर त्याचा टोमणा खरा ठरेल हो."

महिनाभर पलीकडे नुसती खुडबुड. मुक्ताईची इको, डिले, फझ अशी पायानं दाबायची पेडल्स त्यांनी एका फळीवर मांडली आणि सगळ्यांना मिळून एक सप्लाय दिला. दौऱ्यात आदळआपट होणार म्हणून पेटीला पत्र्याचे कोपरे ठोकले. आत जुनीच जोडणी, तसेच व्हॉल्व्ह. मागे आपला सगळ्यात चांगला स्टॅबिलायझर.

मुक्ताईनं वाजवून पाहिलं. "छान आहे काका. पण हा तो नाही."

त्यांनी व्हॉल्व्ह बदलले. स्पीकर बदलला. आवाज दर वेळी आणखी स्वच्छ यायचा आणि तिचा चेहरा आणखी पडायचा. मला तर भिंतीपलीकडून ते ऐकवेना.

शेवटी श्यामरावांच्या मंडळी, मंदाकिनीवहिनी, मंडईतून भाजीच्या पिशव्या घेऊन आल्या त्या उखडूनच. "अहो, फोनवर एकच गाणं किती वेळा ऐकणार आहात? मूळ कॅसेट मागवा की! का तिच्याशीही अबोला आहे?"

कॅसेट आली, माळ्यावरचा टेप खाली आला. फोनवर नसलेलं निवेदन कॅसेटवर होतं. गाण्याच्या आधी निवेदक म्हणत होता, "मंडळी, जनरेटर दमलाय, दिवे मंद झालेत, सांभाळून घ्या." आणि मग तीच गिटार.

श्यामरावांनी टेप बंद केला. "ही तीच जत्रा," ते म्हणाले. "ज्या आवाजानं मला लाज आणली, तोच हा आवाज."

त्यांनी स्टॅबिलायझर काढून बाजूला ठेवला आणि डिमरस्टॅट जोडला. व्होल्टेज हातानं कमी करायची ती चक्री. मुक्ताई वाजवत होती, श्यामराव चक्री इंच इंच मागे नेत होते. एका जागी सूर जरासा फाटला आणि मऊ झाला, रडून झाल्यावर माणूस बोलतो तसा. मुक्ताई वाजवायची थांबली. मी मशीन बंद करून त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याची मला लाज वाटली नाही.

चक्रीवर त्या जागी त्यांनी वहिनींच्या नेलपॉलिशनं लाल खूण केली आणि खाली चिठ्ठी डकवली: 'यापुढे व्होल्टेज वाढवू नये.'

दौऱ्याच्या आदल्या दिवशी मुक्ताई वडिलांना रिक्षातून घेऊन आली. उत्तरेश्वर स्टुलावर बसला, डावा हात मांडीवर तसाच पडलेला. दोघं एकमेकांकडे बघेनात. मुक्ताईनं ते गाणं वाजवलं. संपलं तरी तो डोळे मिटून होता.

"श्याम, असली पेटी कुठंच मिळायची नाय."

श्यामरावांचा चेहरा कडू झाला. "हेच म्हणाला होतास तेव्हा. भर माईकवर."

"मग? खरंच हाय ते."

"मला वाटलं, टोमणा मारलास."

उत्तरेश्वर त्यांच्याकडे बघतच राहिला. "आरं, मी बार्शीचा हाय. आमच्यात चांगल्याला चांगलंच म्हणत्यात. विंगंत हुबं राहून पेटीचा आवाज कळतो व्हय? समोर यायचं होतंस, लोक कसे येडे झाले होते ते बघायला. तसली पेटी खोललीस? मग एवढी वर्सं केलंस काय तू?"

श्यामरावांनी भिंतीवरच्या फळ्यांकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत रांगेनं मांडलेले डबे होते.

"स्टॅबिलायझर," ते म्हणाले, आणि मित्राचा लुळा हात दोन्ही हातांत धरून रडायला लागले.