टेबलाच्या खणातलं लायसन

बायको गेली त्याला पाच महिने झाले. तिची पत्र्याची पेटी मी परवा उघडली. लुगड्यांच्या खाली, फडक्यात बांधलेलं माझं लायसन होतं. डायवरकी सोडून इतकी वर्षं झाली, तरी तिनं जपून ठेवलं होतं. काऊन ठेवलं, हे मला माहीत आहे. दुसऱ्या कोणाला माहीत नाही, म्हणून लिहितो. शाळा माझी चौथीपर्यंत, चुकलं तर चुकलं.

ट्रक चालवायला शिकून मी हिंगणघाटात काम शोधत होतो. नवीन लग्न झालेलं. बायको जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसातली पत्ती-काडी वेचायला जायची, तिच्यावरच घर चालायचं. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे तीन गाड्या होत्या. तिथल्या मुनीमानं आधी नाव विचारलं, मग गाव, मग जात. आम्ही बौद्ध होऊन दोन वर्षं झाली होती, तेच सांगितलं. त्यानं वर पाहिलं नाही.

"लायसन जमा कर," म्हणाला. "ट्रायल घेऊ. मालकाले पसंत पडला तं ठेवू."

लायसन टेबलाच्या खणात गेलं. आता दुसरीकडे काम मागायला जायची सोय राहिली नाही. लायसन नाही तर डायवर कसला? ऑफिसासमोर निंबाचं झाड होतं, त्याच्याखाली माझ्यासारखे पाच-सहा जण बसलेले. कोणाला मालकाची मोटर धुवायला लावायचे, कोणाला पोती उचलायला. नाही म्हणायची हिंमत कोणाची नव्हती.

आठव्या दिवशी ट्रायल लागली. वडनेरहून कापूस भरून जिनात आणला. एकदा नाही, तीनदा. संध्याकाळी मुनीम म्हणाला, "ब्रेक जोरात मारतं तू. बस अजून, पाहू."

मी घरी येऊन माझ्या पायालाच दोष देत बसलो. बायको भाकरी थापत होती.

"अवो, त्या गाडीचा डायवर रोज बदलते," ती म्हणाली. "काल दाढीवाला होता, परवा एक बुटका. आज तुमी. सगळेच का ब्रेक जोरात मारतेत?"

"मंग?"

"मंग काय. त्या गाडीले डायवर ठेवाचाच नाई त्याईले. तुमच्या फुकटच्या ट्रायलीवरच चालून राह्यली ते."

मी जेवलो नाही. राग मुनीमाचा कमी, माझाच जास्त. जे मला चाकाच्या मागे बसून दिसलं नाही, ते तिला कापूस वेचता वेचता दिसलं.

चार दिवसांनी पुन्हा माझी पाळी आली. जिनात माल उतरवला आणि रिकामी गाडी आणून ऑफिसाच्या फाटकात आडवी लावली. दोन गाड्या आत अडकल्या. इंजिन बंद केलं. त्या गाडीची बॅटरी मेलेली, समोरून लोखंडी हँडल फिरवल्याशिवाय चालू व्हायची नाही. हँडल काढलं आणि बायकोच्या हातात दिलं. ठरल्याप्रमाणे ती जिनातून दुपारच्या सुटीत आली होती. निंबाखाली मांडी घालून बसली, हँडल मांडीवर आडवं.

मुनीम धावत आला. "अबे, पागल झाला का? गाडी हटव."

"लायसन द्या, हटवतो."

त्यानं हमालांना हाक मारली, "त्या बाईच्या हातून हँडल घ्या."

एक म्हातारा हमाल बिडी ओढत होता, तो जागचा हलला नाही. म्हणाला, "मुनीमजी, आमी माल उतरवतो. बाया नाई."

"पोलीस बोलावतो मी."

"बोलवा," बायको म्हणाली. "त्याईले खण उघडून दाखवजा."

आतल्या गाड्या खोळंबल्या, तिकडून मालक ओरडायला लागला. शेवटी मुनीमानं माझं लायसन आणून माझ्या पायाशी फेकलं. मी उचललं. बायको उठली नाही.

"बाकीच्याईचे?"

तीही आणावी लागली. तेव्हा कुठं तिनं हँडल खाली ठेवलं आणि पदर झटकून जिनात परत गेली. उशीर झाला म्हणून तिथं बोलणी खाल्ली.

काम मला मिळालं नाही. मुनीमानं गावभर सांगितलं, हा हँडल पळवणारा आहे. तो हंगाम कोणी उभं केलं नाही. ती गाडी मात्र आठ दिवसांत नव्या माणसाच्या ट्रायलीवर पुन्हा चालू झाली, निंबाखालच्याच एकाच्या. त्याला मी नावं ठेवत नाही. त्याच्या घरी कमावणारी नव्हती. पण मला पस्तावाही नाही. तेव्हा नव्हता, आज नाही.

त्या दिवसापासून लायसन तिच्या पेटीत. कामावर निघालो की काढून द्यायची, आलो की परत घ्यायची. काम शोधायला निघालो की दारात सांगायची, "दाखवजा. देऊ नोका." पुढं आष्टीकडं रस्त्याचं काम निघालं. तिथल्या ठेकेदारानं लायसन मागितलं तर मी हातात धरूनच दाखवलं. तो चिडला. दोन दिवसांनी त्यानंच निरोप पाठवला, कारण डायवर मिळेना. तिथं मी नऊ वर्षं गाडी चालवली.

तिची लुगडी पोरींनी वाटून घेतली. पेटीही मोठीनं मागितली, नेऊ दिली. लायसन दाखवलं तिला. दिलं नाही.